छतापर्यंतचं कपाट

३ तारीख, सोमवार
वही गणिताची आहे. पुढची पानं फाडून टाकली. आता ही माझ्या धंद्याची वही. गणिताचा आणि माझा संबंध तसाही मागच्या वर्षी संपला, शाळेबरोबरच.
मामाने आज पहिलं स्वतंत्र काम दिलं. वकीलबाईंच्या ऑफिसात फायलींचं कपाट. मापं माझी, हत्यारं माझी, अक्कल माझी. मामा म्हणाला, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. आणि त्यावर अर्धा तास बोलला.
बाबांची अट: शनिवारी, पंधरा तारखेला, कपाट उभं राहिलं तर घरात शाळेचं नाव निघणार नाही. नाहीतर संध्याकाळच्या शाळेचा फॉर्म तयार आहे. फ्रिजवर, मॅग्नेटखाली. मी ठणकावून चालेल म्हटलं. मनात. तोंडाने हं म्हटलं.

४, मंगळवार
माप घ्यायला गेलो. विचारायचे सात प्रश्न तळहातावर लिहून नेलेले. वकीलबाई दारातच भेटल्या. हाताला घाम आला, प्रश्न पुसले गेले.
त्यांनीच सांगितलं की कपाट पार छताला भिडायला हवं, वर धूळ साचली की शिडीवर चढावं लागतं आणि माझे गुडघे आता माझ्या बाजूने साक्ष देत नाहीत. हसू आलं, पण मी टेपकडेच बघत राहिलो. कारागीर अबोल असला की छाप पडते.
जमिनीपासून छत नव्याण्णव इंच. कपाट साडेअठ्ठ्याण्णव. आत खोल अठरा इंच, रुंद चार फूट. वर फक्त अर्धा इंच मोकळा. याला म्हणतात फिनिशिंग.

६, गुरुवार
मामा म्हणाला, एक हत्यार तुझ्या पसंतीचं घे. दोन दिवस अभ्यास केला. एक्केचाळीस व्हिडिओ. निष्कर्ष: राऊटर, लाकडात खाचा पाडणारं मशीन.
दुकानदाराने काय हवंय विचारलं तेव्हा माझ्यामागे तीन माणसं उभी होती. जो डबा समोर होता त्यावर बोट ठेवलं. लेझर लेव्हल निघाली. भिंतीवर लाल रेघ पाडते, एकदम सरळ.
नंतर विचार केला तर हीच निवड योग्य होती. मामा म्हणाला, घरात ओळंबा लटकतोय तो काय शोभेला आहे का? जुनी पिढी.

८, शनिवार
प्लाय कापायला घेणार होतो. पण आधी हत्यार ओळखीचं झालं पाहिजे. लेझर लावून घर तपासलं. आरसा वाकडा. दाराची चौकट वाकडी. फ्रिज किंचित पुढे झुकलेला. बाबांना सांगितलं की तुमची खुर्चीही डावीकडे कलते. बाबा म्हणाले, ती मी कलतो म्हणून कलते, तू सोमवारपर्यंत एक तरी फळी कापून दाखव.

१०, सोमवार
कापल्या. सगळ्या. चुकलेल्या दोन धरून.
मामा म्हणाला, खालचा पाया वेगळा कर, चार इंचांची चौकट, ती आधी मांडायची आणि कपाट तिच्यावर चढवायचं. का ते सांगत होता, तेवढ्यात मी मशीन सुरू केलं. दोन तुकड्यांचं कपाट म्हणजे आजोबांच्या काळातलं काम. माझं अखंड असणार.

१२, बुधवार
जमिनीवर आडवं ठेवूनच जोडलं. प्रत्येक सांध्याला ग्लू, वर स्क्रू, स्क्रूवर परत ग्लू. हत्तीने ओढलं तरी सुटणार नाही.
मामा बघायला आला. विचारलं, त्यांचं छत किती? म्हटलं नव्याण्णव. आणि हे? साडेअठ्ठ्याण्णव. मामा कपाटाभोवती एक चक्कर मारून आला. म्हणाला, मी बोलणार नाही असं बोलून बसलोय. आणि हसत गेला. कौतुक असावं.
धाकटी शाळेतून थेट वर्कशॉपवर आली. नववीत आहे, त्यामुळे तिला सगळं कळतं. म्हणाली, दादा, हे उभं कसं करणार? म्हटलं, उभं करून. आता जा, होमवर्क कर.

१४, शुक्रवार
फ्रिजवरचा फॉर्म आजच फाडणार होतो. मग ठरवलं, उद्या सगळ्यांच्या देखत.

१५, शनिवार, सकाळी ९
शर्टाला इस्त्री केली. टेम्पो आलाय. बाबा आणि धाकटीपण येतायत. येऊ देत.

११.२०
कपाट ऑफिसात आडवं नेलं. चौघांनी उचललं. उठलं, उठलं, आणि वरचा पुढचा कोपरा छताला जाऊन टेकला. आता पुढे जात नाही. पिसाच्या मनोऱ्यासारखं उभं आहे. खाली बाबा आणि दोन हमाल.

११.४०
लेझर लावून किती कललंय ते बघितलं. बरंच. मी मामाच्या कानात म्हटलं की छत वाकडं आहे. मामाने ते मोठ्याने सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, बावीस वर्षं याच छताखाली बसतेय, आजपर्यंत त्याच्याविरुद्ध कुणाची तक्रार आली नव्हती.

१२.००
कपाट परत आडवं केलं. धाकटीने त्याच्याच बाजूच्या फळीवर पेन्सिलीने त्रिकोण काढला. साडेअठ्ठ्याण्णवचा वर्ग, अठराचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. शंभर इंच आणि वर थोडं. म्हणाली, दादा, उभं राहिल्यावर मावतं, पण उभं राहताना मावत नाही.
फाडलेल्या पानांत बहुतेक हेच होतं.

१.३०
सुटं करायचा प्रयत्न केला. सुटत नाही. ग्लूच्या बाबतीत माझं काम निर्दोष आहे.

३.००
मामाने त्याची करवत काढली. मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, माझ्यापेक्षा म्हातारी. खालचे चार इंच सगळीकडून कापून वेगळे केले. ती चौकट आधी मांडली, कपाट उभं केलं, उचलून तिच्यावर ठेवलं. वर बरोबर अर्धा इंच.
वकीलबाईंनी दारं चार वेळा उघडून लावून बघितली. कुणी केलं विचारलं. मामा म्हणाला, याने. मी टेपकडे बघितलं.

१६, रविवार
कायद्याने मी जिंकलोय. अट होती की कपाट उभं राहिलं तर. राहिलंय.
बाबा म्हणाले, उभं मामाने केलं. मामा म्हणाला, मी फक्त कापलं, डोकं धाकटीचं. धाकटी म्हणाली, मला आइस्क्रीम हवंय. शेवटी बाबा म्हणाले, एवढी खात्री आहे ना तुला, मग जाऊ या वकीलबाईंकडे, त्यांच्यासमोर तुझी बाजू मांड.
मी फॉर्मवर सही केली.

१७, सोमवार, रात्री ९
संध्याकाळची शाळा. फक्त भूमितीपुरती जाणार आहे, बाकीच्या विषयांचं नंतर ठरवू. वर्गात मागे एक कपाट आहे, छतापासून हातभर खाली. करणाऱ्याला काहीतरी माहीत होतं.
सरांनी सगळ्यांच्या वह्या उद्या तपासायला मागितल्या. नवी आणायला एक दिवस द्या असं सरांना सांगणार होतो, पण माझ्यामागे सहा जण उभे होते. माझ्याकडे हीच आहे.
ही पानं फाडावी लागणार. सरळ फाटावीत म्हणून लेझर लावलंय.