चार तास एकोणपन्नास मिनिटं

१२ जून, गुरुवार
नातीचा बाप्तिस्मा २२ तारखेला, रविवारी, आरिकात. धर्मपिता मी! लेकीनं, येसेनियानं, स्वतः फोन करून सांगितलं. लगेच नकाशावर दोरा ताणला. आमचं पुंता आरेनास देशाच्या तळाला, आरिका पार डोक्याला, मध्ये सरळ रेघ. ३,८५० किलोमीटर. विमान ताशी ८००. चार तास एकोणपन्नास मिनिटं. आदल्या दिवशी सकाळी निघालो तरी रग्गड.

१४ जून
होर्तेन्सियाचं टुमणं : "अहो, मध्ये सान्तियागोला विमान बदलावं लागतं. गुरुवारीच जाऊ." हिला अंतरातलं काय कळतं? लोकरीच्या वखारीत एकतीस वर्षं काटा सांभाळला मी, ग्रामाची चूक नाही. संकल्प : बायकोशी वाद घालायचा नाही.

१४ जून, संध्याकाळ
वाद झाला. ती गुरुवारी एकटी जाणार. जावो.

१७ जून
व्याही नोल्बेर्तोंचा आरिकाहून फोन. "आदल्या दिवशी निघताय? छाती आहे हो तुमची, व्याहीबुवा!" ऑलिव्ह विकणारा माणूस. दुर्लक्ष केलं.

२१ जून, शनिवार, सकाळी ९:४०
विमानात बसतोय. बाप्तिस्म्याच्या जेवणासाठी कोकराची तंगडी बर्फात गुंडाळून हातपिशवीत. चार तास एकोणपन्नास मिनिटांत काय धाड भरतेय तिला?

दुपारी २:०५, सान्तियागो
घात! जरा डोळा लागला, आणि १:५०चं विमान गेलं. कुणी हाक मारेल तर शपथ. गेटवर बरीच माणसं निवांत बसलीत, ती बहुधा पुढच्या विमानाची. बाहेर काउंटरवर जाऊन एकेकाला फैलावर घेतो.

नंतर
काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, विमान इथंच आहे. आत्ता एक वाजून दहा मिनिटं झालीत. हिवाळ्यात तुमच्याकडचं घड्याळ आमच्या तासभर पुढे असतं. पळा!" हे मला माहीत होतंच, फक्त त्या वेळी आठवलं नाही. तरी तिला ठणकावलं, की माझं घड्याळ बिनचूक आहे, मागे आहे ते सान्तियागो. वीस मिनिटं समजावलं. मग पुन्हा तपासणीची रांग. तिथं तंगडीची चौकशी. गेटवर पोचलो तर दार बंद. काचेतून विमान दिसत होतं. मी हातसुद्धा केला.
सुट्ट्यांची गर्दी. उद्याच्या सगळ्या जागा भरलेल्या. आता थेट सोमवारी सकाळी.

२२ जून, रविवार
होर्तेन्सियाला फोनवर सांगितलं, धुकं आहे. ती म्हणाली, "इथं तर सगळी विमानं उतरतायत." आणि फोन ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. तंगडीला वास सुटला, टाकून दिली.
अकराला बाप्तिस्मा. बरोबर अकराला मी विमानतळावरच्या बाकावरून उठून उभा राहिलो. शेजारच्या बाईंना वाटलं, जागा दिली. त्यांनी पिशव्या ठेवल्या.

२३ जून, सोमवार, आरिका
पोचलो. नुसते हवेतच सहा तास पाच मिनिटं. वैमानिक वळसे घालतात, दुसरं काय.
कुणी रागावलं नाही. येसेनिया म्हणाली, "बाबा, चर्चच्या वहीत तुमचंच नाव आहे. मामंजी तुमच्या वतीनं उभे राहिले, शब्दही तुमच्या वतीनं दिला." नात नोल्बेर्तोंच्या खांद्यावर होती. "घ्या व्याहीबुवा, तुमचीच आहे," म्हणत त्यांनी पुढं केली. घेतली. तिनं टाहो फोडला. परत दिली. गप्प झाली.
माझ्या कोटाला विमानाचा वास येत असणार. उद्या कोट बदलून बघतो.