बिनखताची ओळ

प्रिय बाबा,

तुमी गेल्यापासून मी तुमाले काहीच लिहिलं नाई. काय लिहिणार होती? पण आज दुपारी आई अन् मी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातून परत आलो, आंजीच्या स्टँडवर उतरलो, अन् आई सरळ वावरात आली. घरी नाई, वावरात! आता ती मेथीच्या वाफ्यात बसून गवत काढून राह्यली अन् मी धुऱ्याच्या बांधावर बसून तिच्याकडं पाहून राह्यली. तिले दम लागून नाई राह्यला, बाबा. एवढंच सांगायचं होतं. पण एवढं सांगायचं म्हणजे मधातलं सगळंच सांगावं लागते.

हे पत्र मी आत्ताच एकदा भलत्याच तऱ्हेनं लिहून पाहिलं. इसीजीची रेघ असते ना, तसे शब्द वर-खाली, मधात मोकळी जागा. आई पाणी प्यायले आली. तिनं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अन् मने, "हे तुह्या बापाले वाचता येईन का?" मी कागद फाडला. माही पहिली कविता छापून आली तवा तुमीबी विचारलं होतं, ओळी अशा तुटक काऊन, वाटेत वखर मोडला होता का? म्हणून आज सरळ लिहिते.

पहिले भांडून घेते. तुमी गोळ्या काऊन बंद केल्या?

पहिला झटका येऊन गेला, तुमी दवाखान्यातून घरी आले, दोन-तीन महिने मस्त होते. मोटरसायकलवर वांग्याचं पोतं बांधून बाजारात जात होते. मग एक दिवस गोळ्यांचं पाकीट बियाण्याच्या डब्यात टाकून दिलं. आई बोलली तं तुमचं उत्तर तयारच होतं, "अळीच दिसत नाई तं फवारा कायले मारू?"

आमी हसलो होतो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते आता काही आठवत नाई.

तुमचंबी बरोबरच होतं म्हणा. जन्मभर भाजी पिकवली. कीड आली की फवारा, कीड गेली की बंद. उगाच औषध मारणारा तुमच्या लेखी येडा. छातीतलंबी तसंच असन असं तुमाले वाटलं. अन् एकट्या तुमालेच काऊन म्हणू? बरं वाटलं की गोळी सोडायची, याले आपल्या गावात शहाणपण मनतात.

मग तुमचे पाय सुजले. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत पायावर तसाच राहे. तुमी म्हनलं, चप्पल लहान पडते. नवी आणली. नव्या चपलेचाबी वळ उठला. ती चप्पल झिजायच्या आत तुमी गेले.

पण त्या वळानं एक काम केलं, बाबा. तुमी गेल्यावर दीडेक वर्षानं आई ओट्यावर बसून सांबाराच्या जुड्या बांधून राह्यलती. कोथिंबिरीचा तो वास, त्यात आई पाय लांब करून बसलेली, अन् मले तिच्या पायावर तोच वळ दिसला. तसाच. मी विचारलं तं ती मने, वय झालं, पाणी लागलं, चप्पल लहान पडते.

चप्पल! त्याच्यापुढं मी तिचं काहीच ऐकलं नाई. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तिले वर्ध्याले नेलं.

इको काढला. तिथल्या डॉक्टर मॅडम माह्यापेक्षा जराशाच मोठ्या. त्यांनी आईले समोर बसवून सांगितलं, "मावशी, तुमच्या हृदयाचं पंपिंग कमी झालंय. हृदय थकलंय, बंद पडलेलं नाही. गोळ्या रोज घेतल्या तर सुधारू शकतं."

रोज. मी आईकडं पाहिलं. आईनं पदराकडं पाहिलं.

मग मॅडमनं दुसरी गोष्ट सांगितली. दवाखान्यात एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. नेहमीच्या गोळ्या सगळ्याइलेच भेटणार. त्याच्यावर एक डबी. कोणाच्या डबीत नवं औषध, कोणाच्या डबीत दिसायले तशीच गोळी पण आत औषध नाई. कोणाले काय भेटलं हे पेशंटलेबी माहीत नसते अन् डॉक्टरलेबी नसते. नको वाटलं तं कवाबी सोडता येते, इलाज काही थांबत नाई.

आई बाहेर बाकड्यावर येऊन बसली. "माह्यावर प्रयोग करून राह्यले," मने. मी म्हनलं, मीबी तं प्रयोगच करते. "तुह्या प्रयोगानं कोणी मरत नाई, नुसतं डोकं दुखते."

मग जराकशानं तिनंच विचारलं, "तुह्या बापाची बिनखताची ओळ आठवते का?"

आठवत नाई होय! दुकानदारानं नवं खत गळ्यात मारलं की तुमी सगळ्या वांग्याइले टाकत होते अन् एक ओळ तशीच ठेवत होते. बियाणं तेच, पाणी तेच, निंदण तेच, फक्त खत नाई. शेजारचे हसत. मनत, गरिबाच्या घरची ओळ आली. अन् तुमी? तुमी मनत, सगळ्याइले टाकलं तं झाड खतानं वाढलं का पाण्यानं, हे कोण सांगीन?

आई आत गेली अन् मॅडमले हेच विचारलं. नेहमीच्या गोळ्या म्हणजे पाणी अन् निंदण, ते सगळ्याइले. डबीतलं म्हणजे खत, ते कोणाले हाय, कोणाले नाई. असंच ना? मॅडम मनल्या, हो, जवळपास असंच, पण मावशी, कागद घरी न्या, लेकीकडून वाचून घ्या, मगच सही करा. आईनं घरी ते कागद माह्याकडून दोनदा वाचून घेतले, मगच सही केली. माही एकबी गोष्ट तिनं दोनदा ऐकली नाई कवा, हे तुमाले सांगून ठेवते.

आता पुढचं ऐकून तुमी हसान, अन् तुमच्या हसण्याचा मले रागबी येईन, पण ऐका.

भिंतीपलीकडच्या रुखमा काकू. तुमाले माहीतच आहे, आपल्या वावरातला पहिला तोडा निंघाला की पहिले त्यांच्या घरी जाते. पहिले वांगे, पहिली मेथी, पहिल्या मिरच्या. नवं काही घरात आलं अन् ते एकट्यानं खाल्लं, असं आपल्या घरात झालंच नाई. तं एका तपासणीच्या दिवशी काकू आमच्या संगं वर्ध्याले आल्या. त्याइले बांगड्या भरायच्या होत्या. दवाखान्यात आईसंगं आत शिरल्या अन् मॅडमले मने, "मलेबी लय आराम हाय जी त्या गोळीनं."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "कोणत्या गोळीनं?"

आई डबीतली नवी गोळी मधातून मोडत होती. अर्धी तिची, अर्धी काकूची! नेहमीच्या गोळ्या मात्र एकटीच खात होती, कारण त्या जुन्या. वाटायचं ते नवं. मी डोक्याले हात लावला. आईले काडीची लाज नाई. "तिलेबी दम लागते. शेजारणीले सोडून मी एकटी कशी खाऊ?"

मॅडम रागावल्या नाई, पण हसल्याबी नाई. काकूचा बीपी तिथंच मोजला. भल्ला वाढलेला! तपासल्याशिवाय दुसऱ्याची गोळी खाल्ली, काही झालं असतं तं? काकूचा वेगळा केसपेपर निंघाला. अन् आईले त्या मनल्या, "मावशी, हे मला वर कळवावं लागेल. लपवलं तर औषधाबद्दल चुकीचं कळेल, आणि ते पुढच्या पेशंटांना भोगावं लागेल."

परतताना गाडीत आई खिडकीकडं तोंड करून बसली. पवनार मागं पडलं तरी तोंड तिकडंच... नाई, पवनार त्या रस्त्यावर येतच नाई, पाहा, सरळ लिहायले बसली तरी माही रचून सांगायची सवय जात नाई. आंजी आली तरी तोंड तिकडंच, हे खरं. घरी आल्यावर चुलीपाशी बसून मने, "मले काढून टाकतीन का?"

मी म्हनलं, काढलं तरी इलाज चालूच राहीन, मॅडमनं सांगितलंच आहे.

"इलाज राहीन, पोरी. मी राह्यली पाह्यजे ना! तारीख देऊन कोणी बोलावते, गोळी घेतली का मनून विचारते, तं मी घेऊन राह्यली. ते सुटलं तं मीबी तुह्या बापासारखी डब्यात टाकून देईन. मले माहीत हाय मी."

त्या दिवशी मले पहिल्यांदा खरी भीती वाटली, बाबा. तिच्या पायाच्या वळापेक्षा जास्त.

मॅडमचा फोन येईपर्यंत घरात कोणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. मग आला. आईले काढलं नाई. झालेली गोष्ट जशीच्या तशी नोंदवली, अन् अट एकच, वाटप बंद. आईनं भिंतीवरून तवाच आवाज दिला, "रुखमा, वांगे नेजो, सांबार नेजो, पण गोळी मांगू नको." तिकडून काकू मने, मले माह्यी भेटली, तुही ठेव तुलेच!

पण आई तेवढ्यावर थांबली नाई. ती रोज सकाळी ठिबकचा कॉक उघडते ना, त्याच वेळी गोळ्या घ्यायच्या असं तिनं ठरवलं. गोळ्या पदरात बांधून वावरात नेते, कॉक उघडते, गोळ्या घेते, वरून पाणी. एकदा मी विचारलं, आता तं बरं वाटून राह्यलं ना तुले? तिनं माह्याकडं असं पाहिलं, जसं का मी तुमीच होती.

"हे फवारा नोहे, पोरी. हे ठिबक हाय. झाड हिरवं दिसलं मनून ठिबक कोणी बंद करते का?"

तुमाले हे कोणी सांगितलं असतं तं? तुमच्याच वावरातल्या भाषेत? दवाखान्यातून येताना तुमाले कोणी असं एक वाक्य दिलं असतं, तं तुमी ऐकलं असतं ना? मले वाटते, ऐकलं असतं.

आज मॅडमनं बोलावलं होतं. अभ्यास संपला, जागोजागच्या दवाखान्यांचा हिशोब लागला. नवं औषध कामाचं निंघालं. ते घेणाऱ्याइले परत भरती व्हायची पाळी कमी येते, मनल्या. आईचा इको काढला. पंपिंग चांगलं वाढलं! मॅडमचा चेहरा पाहूनच मले समजलं.

मग मॅडमनं सांगितलं, आईच्या डबीत औषध नव्हतं.

काकू आज बीपीसाठी संगंच होत्या. त्या एकदम मने, "मंग मले आराम कायनं पडला?" मॅडम पहिल्यांदा खळखळून हसल्या. मनल्या, काकू, म्हणूनच तर रिकामी गोळी द्यावी लागते.

आई हसली नाई. "मंग मी कायनं सुधरली?"

"नेहमीच्या गोळ्यांनी, मावशी. तुम्ही त्या रोज घेतल्या, म्हणून."

नेहमीच्या गोळ्या. टेबलावरच पडल्या होत्या. चंदेरी पाकिटावर निळी रेघ. घरी आई गोळ्या सुट्या करून पदरात बांधते, पाकिटाकडं मी कवा नीट पाहिलंच नव्हतं. मी ते पाकीट बियाण्याच्या डब्यात पाहिलेलं आहे. ते नवं नव्हतं, महाग नव्हतं, कोण्या दूरच्या शहरातलं नव्हतं. त्या तुमच्याच गोळ्या होत्या, बाबा!

मले क्षणभर तुमचा एवढा राग आला का मी बाहेर निंघून गेली. पायऱ्यांवर बसली. जराकशानं आई माह्या बाजूले येऊन बसली. चढून-उतरून आली तरी श्वास सरळ. ते ऐकलं अन् राग कुठीसा गेला. छातीवरचं पोतं कोणी उचलून नेलं असं वाटलं.

"मी बिनखताची ओळ होती तं," आई मने. तिले वाईट वाटलं असन असं मले वाटलं. पण ती पदर सावरत उठली. "ओळ नसती तं खताचं कोणाले समजलं असतं का? तुह्या बापाले सांग."

तं सांगितलं.

आता मॅडम आईले ते नवं औषधबी चालू करून राह्यल्या. अन् तिच्या पायावर वळ नाई. चप्पल तीच आहे, जुनी.

ती मले आवाज देऊन राह्यली, उजेड आहे तवर जुड्या बांध म्हणून. उठतेच. पण तुमाले वचन देते. यंदा विहिरीकडची वांग्याची एक ओळ बिनखताची राहीन, कोणी कितीबी हसो. आईचा सकाळचा कॉक मी एकबी दिवस चुकू देणार नाई, अन् ती थकली तं मी उघडीन. अन् तुमचा तो डबा मी घासून, उन्हात वाळवून ठेवला आहे. त्यात या घरातल्या कोणाचंच पाकीट आता पडणार नाई. त्यात फक्त बियाणं राहीन.

तुमची,
तुमच्यावर आता न रागावलेली,
पल्ली