'आई आजारी' असा निरोप

मंगळवार, संध्याकाळ

काल माझ्या वहीत वार घालायचा विसरलीस, सूनबाई. कॉलेजात शिकलीस तू, अन् आठवण ह्या अंगठाबहाद्दर सासूनं ठेवायची व्हय? लिही.

आज तुझा नवरा म्हणाला, "आई, गौरीला होस्टेलवर फोन करतो. आजी लई आजारी हाय, ये म्हणतो. पाहुणे पोरगी बघून जातील." मी म्हणलं, "मला काय झालंय रे?" तर हसला मेला. दिवसभर डोक्यात तेच. आजी आजारी!

छावणी भागातल्या त्याच होस्टेलात मी जन्मभर भाकऱ्या थापल्या. 'आई आजारी' असा निरोप आला की पोरीचं लग्न ठरलं, हे सगळ्यांना ठाऊक. पोरी एकमेकींना चिडवायच्या, "तुझी आई कधी पडते गं आजारी?" परभणीची एक हुशार निघाली. निरोप आला तरी गेलीच नाय. आम्ही समद्या हसलो. मग तिचा भाऊ आला, डोकं भादरलेला.

आता कॉलेजच्या बाया होस्टेलचा इतिहास छापणारेत. मला म्हणल्या, "मावशी, गमतीजमती सांगा." हीच सांगितली. नको म्हणल्या.

तुलाबी तिथनं तसंच आणलं ना? तुझी आई तर अजून ठणठणीत. थांबू नकोस, डोळे मागनं पूस.

मला आजारी पडायला सवड नाय. ह्याचा फोन जायच्या आधी गौरीला डबा धाड. धपाटे मीच थापते, माझी बोटं उमटलेली दिसू दे तिला. संगं लसणाची चटणी, अन् दही घट्ट बघून घाल.