मधल्या खांबाशी

धावपट्टीची छावणी, लाओस
४ फेब्रुवारी १९७०

ती. काकांस, पाकूचा सा. न.

इथे सर्व ठीक. आईचा खोकला कसा आहे?

अमेरिकन साहेबांनी शत्रूला घाबरवायला विमानातून वाजवायची एक फीत करून घेतली. मेलेला शिपाई घरासाठी रडतो, अशी. पलीकडच्यांकडे रशियाच्या बंदुका, आपल्यांकडे साहेबांच्या. भुताला मात्र सगळे डोंगरी सारखेच भितात, असं त्यांचं म्हणणं. आवाज आपल्या धाकट्या न्हियाचा घेतला. रड म्हटलं तर हसतच सुटला; वर विचारतो, ताई, मेल्यावर तरी हवालदार करतील का? शेवटी ‘आई, माझी नाळ कुठे पुरलीस?’ एवढं नीट म्हणाला. मी वेग कमी करून आवाज घुमवला. आईला सांगू नका.

आपली पाकू

१५ फेब्रुवारी

चि. पाकूस आशीर्वाद.

तुझं पत्र तांदळाच्या पोत्यांबरोबर उतरलं, पण फितीचं विमान त्याआधीच धुक्यात वाट चुकून आपल्या गावावरून गेलं. वहिनींनी पहिल्याच शब्दाला लेक ओळखला. पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, यंत्राला नाळ असते का? मयताचा वेळू वाजवणारा बोलावून क्रियाही केली. घराच्या मधल्या खांबाशी ये, जन्मताच तिथे पुरलेली नाळ अंगरख्यासारखी घाल आणि उत्तरेच्या वाटेने पूर्वजांकडे जा, असं न्हियाला गाऊन सांगितलं. शहाणे, दुसरा आवाज मिळाला नाही तुला? असेल तिथून धाड त्याला.

काका

२१ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न.

न्हिया धडधाकट आहे. नाडी मीच पाहिली. उद्याच्या विमानाने पाठवते. आईला हात लावून बघू द्या.

पाकू

२८ फेब्रुवारी

चि. पाकूस आशीर्वाद.

न्हिया आला. चढाने दमलेला, कुणाशी बोलायच्या आधीच मधल्या खांबाला टेकून उभा राहिला. नेमका तिथेच. वहिनी मायेने म्हणाल्या, अंगरखा मिळाला ना बाळा, आता रेंगाळू नको. तो हसला. त्याचा भात त्यांनी दाराबाहेर ठेवला. मी भांडलो. शेजाऱ्यांनी आपली पोरं आत घेतली. पुढे त्याचं हसणं थांबलं. मला म्हणाला, काका, भाताला चवच लागत नाही. काल सकाळी तो उत्तरेच्या वाटेने निघून गेला. बूट खांबाशी आहेत.

काका

९ मार्च

ती. काकांस सा. न.

न्हिया इथे आलेला नाही. साहेब फितीवर खूश आहेत. आता बाईचा आवाज हवा म्हणतात. मीच बोलले. रडले नाही. जिवंत माणसाचा हरवलेला जीव दारात उभं राहून बोलावतात, तेच म्हटलं: ये, कोंबडा शिजलाय, अंडं ठेवलंय, घरी ये. साहेबांना आपली भाषा कळत नाही. वैमानिकाला नकाशावर उत्तरेची वाट दाखवली आहे.

आवाज गावातही येईल. आई माझीही क्रिया मांडेल, मांडू द्या. पण न्हिया परतला, तर त्याला खांबाशी जाऊ देऊ नका. चुलीपाशी बसवून वाढा.

माझ्यावरचा लोभ आता त्याच्यावर असू द्यावा.

पाकू