घरमालकाचा रकाना

मी, पोलीस खात्यातून निवृत्त झालेला हवालदार, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही. मी पूर्ण शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शुद्धीत असणे ही गेल्या सोमवारपासून काही सुखाची गोष्ट राहिलेली नाही, एवढे मात्र दाखल्यात आलेले नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात सगळे मुलाच्या नावे होते, ते रद्द समजावे.

कलम १. माझे दुमजली घर स्वकष्टाचे आहे. तळमजला पत्नीला, तिच्या हयातीपर्यंत. ती सोमवारपासून माझ्याशी धड बोललेली नाही, तरीही. वरच्या तीन खोल्या माझ्यानंतर लगेच, आणि तिच्या पश्चात सगळे घर, गावातल्या हॉस्पिटलच्या नर्सेसच्या संघटनेला द्यावे. बाहेरगावच्या नर्सेसनी तिथे राहावे. अट एकच. खोली देण्याआधी प्रत्येक स्विचबोर्ड राहायला येणारीच्या समोर उघडून दाखवावा.

ही अट का, ते लिहिणे भाग आहे.

नोकरीची शेवटची अठरा वर्षे माझ्याकडे भाडेकरूंची पडताळणी होती. फॉर्म हातात घेऊन मी घरोघरी जायचो. भाडेकरूचा फोटो, मूळ पत्ता, आधीचा घरमालक, ओळखीची दोन माणसे, कोण येते, कोण जाते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा लौकिक होता. घरमालकासाठी फॉर्मवर एकच जागा होती, सहीची. त्याच्या घरात कोण राहते, त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे का, हे विचारायचे मला कधी सुचले नाही. घरमालक खुर्ची द्यायचे, चहा विचारायचे. भाडेकरू उभे असायचे.

गेल्या महिन्यात वरच्या मागच्या खोलीतली नर्स खाली आली. म्हणाली, "काका, पलंगासमोरच्या बोर्डात काहीतरी चमकतं. त्या सॉकेटमध्ये काही लावलं तर चालतही नाही. जरा बघता का?"

मी पेपरातून डोके न काढता म्हणालो, "अगं, इंडिकेटर असेल. एवढ्यातेवढ्याला काय घाबरतेस?" बोर्ड माझ्या मुलाने बसवला होता. तो विजेची कामे करतो, आणि त्याच्या कामाचे मला भारी कौतुक.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात गेली. अंमलदाराने तक्रार लिहायच्या आधी मला फोन केला, "साहेब, तुमच्याकडची भाडेकरू आलीये. काय करू?" मी म्हणालो, "पोरगी घाबरट आहे. पाठव घरी, मी बघतो." त्याने पाठवले. मी बघितले नाही. आठवड्याभरात ती खोली सोडून गेली, निरोपही न घेता. मला उलट तिचाच राग आला.

सोमवारी नव्या भाडेकरूसाठी खोली झाडायला गेलो, तेव्हा हातासरशी बोर्डाचे स्क्रू काढले. आत कॅमेरा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. वायर भिंतीतून खाली, माझ्या मुलाच्या टेबलापर्यंत. मी मटकन पलंगावर बसलो, आणि कुठे बसलो ते ध्यानात येताच ताडकन उठलो.

मुलाला विचारले. तो नाही म्हणेल, असे वाटले होते. त्याने नाही म्हणावे म्हणून मी मनातल्या मनात गयावया करत होतो. तो म्हणाला, "बाबा, तिला कुठे काय कळलं होतं? मग त्रास काय झाला तिला?" कॅमेऱ्याने बसला नाही एवढा धक्का मला या वाक्याने बसला. अजून मी थाऱ्यावर नाही. पत्नी म्हणाली, "पोटचा आहे तो. बोर्ड बंद करा आणि गप्प बसा."

कलम २. मुलाला घरात वाटा नाही. शिक्षा भोगून आल्यावर आईला भेटायला यावे. जिना चढू नये.

कलम ३. शेजाऱ्याने सहा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी त्यालाच बहाल करतो. मागून मागून थकलो.

कलम ४. शिव्या घातल्याशिवाय चालू न होणारी माझी स्कूटर चौकातल्या शिंप्याला द्यावी. फॉर्मवर ओळखीचा एक माणूस कमी पडला म्हणून मी त्याला बायकामुलांसह भाड्याच्या खोलीतून बाहेर काढायला लावले होते. माणूस सरळ होता. ते मला तेव्हाही दिसत होते.

कलम ५. नर्सच्या नावे मी काही ठेवत नाही. ठेवले तर तिला गप्प बसवण्याची किंमत दिसेल. काल हॉस्पिटलमध्ये जाऊन तिला सगळे सांगितले, हात जोडले. ती वॉर्डच्या दारात उभी होती. म्हणाली, "काका, ठाण्यात मी नंतर गेले. आधी तुमच्याकडे आले होते." तिची तक्रार मी अडवली, हे मी जबाबात लिहून दिले आहे. खटला उभा राहण्याआधी मी गेलो, तर हा कागदही न्यायालयापुढे ठेवावा.

हे शेवटचे पान मी ठाण्यातल्या बाकावर बसून लिहीत आहे. नर्स आत जबाब देत आहे. मुलाला मीच घेऊन आलो. तो समोर बसला आहे, बाजूला शिपाई. मघाशी त्याने मला विचारले, "बाबा, सकाळची ब्लडप्रेशरची गोळी घेतलीत ना?"

घेतली नव्हती. मी "घेतली" म्हणालो, आणि आता सही करतो.

सही : निवृत्त हवालदार

साक्षीदार १ : ज्यांनी दाखला दिला ते डॉक्टर
साक्षीदार २ : आज तक्रार लिहून घेणाऱ्या महिला पोलीस

ठिकाण : पोलीस ठाणे, बाहेरचा बाक
तारीख : १७ ऑक्टोबर, सकाळचे साडेअकरा