क्रेनचा गेम, सगळा आपल्या हाताने

२८ जुलै १९९६, रविवार
माफी असावी. डायरी जानेवारीत मिळाली, पहिले पान आज लिहितो. रिटायर माणसाला वेळ कुठे असतो.
वसुंधरा नागपूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिचा जुना कॉम्प्युटर इथे माझ्याकडे. त्यावर गेम बनवणार. फौंड्रीची क्रेन, हुकाला वितळलेल्या लोखंडाची बादली, खाली साचे. न सांडता ओतायचे. आमच्या हुडको कॉलनीच्या गणपतीत २१ सप्टेंबरला मुलांना दाखवायचे ठरले. लेकीला कळवले, गेम जवळजवळ तयार आहे. उद्या सुरुवात करतो.

३ ऑगस्ट
तिचे पत्र. रजा टाकली, २१ ला येते म्हणते. दोन वर्षे गणपतीत घरी आली नाही. सोबत एक फ्लॉपी. तिच्यात गेमचा सांगाडा आयता आहे. वस्तू हलणे, पडणे, आपटून थांबणे, गुण मोजणे, आवाज. लिहिते, बाबा, तुम्ही फक्त चित्रं टाका आणि नियम सांगा, आठ दिवसांत होईल.
राग आला. तीस वर्षे फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये साच्यांसाठी लाकडाचे नमुने कोरले. आयत्या मालाला माझे नाव लावू? फ्लॉपी मारोतरावाला देऊन टाकली. माझ्याच शॉपचा माणूस. त्याच्या घरीही कॉम्प्युटर आहे, त्यावर पत्ते खेळतो.

११ ऑगस्ट
स्क्रीनवर हूक काढला. हूक वर जातो. उत्तम प्रगती.

१८ ऑगस्ट, सकाळी ६
हूक खाली येत नाही. प्रोग्रामिंगचे पुस्तक इंग्रजीत, मी सातवी पास. एकेक शब्द डिक्शनरीत पाहतो. सौ. कमलिनी चहा ठेवून म्हणाली, आठ दिवस झाले, तुमचा हूक वरच लटकून राहिला. त्याले जेवाले तरी बोलवा.
बायकांना टेक्निकल समजत नाही.

२५ ऑगस्ट
हूक खाली आला. थांबला नाही. जमिनीतून आरपार गेला. जमीन म्हणजे काय, हेही कॉम्प्युटरला आपणच सांगायचे असते! हे आधी कोणी बोलले नाही. झोप नाही. उद्या जमीन.

१ सप्टेंबर
मारोतराव आला. त्या फ्लॉपीवरून त्याचा गेम झाला. रोज संध्याकाळी बसून सहा दिवस लागले. रस्त्यावरच्या म्हशी ट्रकांतून वाचवून तलावात न्यायच्या. म्हशी हंबरतातसुद्धा. मी म्हटले, त्यात तुझे काय? तो म्हणे, काहून श्यामराव, शंभर कास्टिंगसाठी आपण शंभर पॅटर्न कोरत होतो का? एक पॅटर्न, त्याच्यावर माल काढत जा.
मी म्हटले, ते वेगळे. का वेगळे, ते उद्या सविस्तर लिहितो.

२ सप्टेंबर
लिहायला वेळ नाही. जमीन चालू आहे.

८ सप्टेंबर
जमीन झाली, पण आता हूक तिला चिकटून बसतो. बादली, साचे, गुण, आवाज बाकी. तेरा दिवस पुष्कळ आहेत.
तरी वसुंधराला पत्र टाकले. येऊ नको. गाड्यांना गर्दी, हुडकोत पाण्याची बोंब, आईचा गुडघा दुखतो. गेम पूर्ण आहे, फक्त तपासणी चालू.
कमलिनीला कळले. म्हणे, माह्या गुडघ्याले काय झालं? पोरगी येऊन राहिली तर तुमाले काहून खुपते?
कॉम्प्युटर चालू केला. काम होते.

१५ सप्टेंबर
वसुंधराचे कार्ड. रजा रद्द केली. मी यायला नको असेल तर सरळ लिहा बाबा, आईचा गुडघा कशाला मध्ये घालता.
मुलगी समजूतदार आहे. एक काळजी मिटली.
जेवण गेले नाही. हवा खराब आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार
मंडपात दोन टेबले. मारोतरावाच्या म्हशींपुढे रांग. माझ्यापुढे एक मुलगी बसली. हूक वर नेला, खाली आणला. दादाजी, गेम कब चालू होगा? म्हटले, बेटा, यही है. ती उठून म्हशींकडे गेली.
मग मारोतरावाने माईक घेतला. म्हणाला, याच्यात माहं काहीच नाही. सांगाडा आपल्या श्यामरावच्या वसुंधराचा, मी फक्त म्हशी चिटकवल्या. सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. लोक मागे वळून तिला शोधायला लागले. मला विचारायला लागले, कुठे आहे पोरगी?
गाड्यांना गर्दी आहे, म्हणालो.

२३ सप्टेंबर
तिला कार्ड लिहिले. हे तिसरे. पहिल्या दोनांत गेम तयार होता, ती फाडली. पोस्टात टाकायला कमलिनी गेली, पायीच, भराभर. मजकूर इथे उतरवून ठेवतो.
चि. वसुंधरा, गेम झाला नाही. कधी होत आला नव्हता. आईचा गुडघा चांगला आहे, पाणीही येते. तुला दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते म्हणून येऊ नको लिहिले. परवा मंडपात तुझ्या नावाने टाळ्या पडल्या, त्या तू ऐकायला पाहिजे होत्या. विसर्जन २६ ला आहे. नाही जमले तर दिवाळीत ये. रागावली असशील तर तसे लिही, पण लवकर लिही. पोस्टमन अकराला येतो, मी दहापासून फाटकात असतो.