मानेवरचा पांढरा ठिपका

बाबा, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आता माझं वय जास्त झालंय, तेव्हा थोडं वाकडं बोलले तरी ऐकून घ्या. जालन्यातला तुमचा स्टुडिओ म्हणजे आपल्या घराचीच पुढची खोली, आणि त्या उन्हाळ्यात तिथल्या प्रत्येक निगेटिव्हवर काळे ठिपके येत होते. निगेटिव्हवर काळा म्हणजे कागदावर पांढरा. गिऱ्हाइकांच्या फोटोतले ठिपके तुम्ही बारीक ब्रशनं बुजवायचात, कुणाला पत्ता लागायचा नाही. पण नेमका तेव्हाच अंबडच्या लोकांनी लग्नासाठी माझा फोटो मागितला. मुलगा हैदराबादला नोकरीला, त्याला पाठवायचा होता; त्याचा फोटो आपल्याकडं आधीच आला होता. तुम्ही मला पडद्यापुढं बसवलंत, हनुवटी जरा वर म्हणालात, आणि फोटो धुऊन निघाला तर माझ्या मानेवर, कानाच्या खाली, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. कोड आहे म्हणतील, आई म्हणाली.

ब्रश लावा म्हणून ती तुमच्या मागं लागली. तुम्ही काही ऐकलं नाही. फोटोवाल्याची पोरगी म्हटल्यावर लोक आधी ब्रशचीच खूण शोधणार, असं तुमचं म्हणणं. मग तुम्ही विहिरीचं पाणी उकळून मलमलीतून गाळलंत, औषधं नव्यानं कालवलीत, कॅमेरा आतून पुसलात, निगेटिव्ह वाळायच्या खोलीत आम्हाला झाडू मारायची बंदी केलीत. दुसरा फोटो काढलात, डाग गालावर. तिसरा काढलात, डाग मनगटावर. आता तुम्ही हरणार असं मला वाटतंय, आणि तुम्ही तर हसत बाहेर येताय. तिन्ही फोटो एकाच पाकिटात घातलेत. "जागा बदलून राह्यला म्हणजे डाग फिल्मचा हाय, पोरीचा न्हाई. बघताच समजंल त्यायला." अहो बाबा, समजणार कसं? त्यांनी का कधी निगेटिव्ह हातात धरली होती? अंबडला त्यांनी तिन्ही फोटो ओळीनं मांडले आणि मुलीचं अंगभर पसरत चाललंय असं मध्यस्थी करणाऱ्या माझ्या मामाच्या तोंडी कळवलं. तुम्ही स्वतः गेलात, मुलगी डोळ्यांनी येऊन बघा म्हणालात. त्यांनी चहा दिला. आलं मात्र कुणी नाही.

पुढच्याच महिन्यात ठिपके आपोआप बंद झाले. कशानं आले, कशानं गेले, शेवटपर्यंत तुम्हाला उमगलं नाही. एका दुपारी तुम्ही मला दाराच्या उजेडात बोलावलंत आणि भिंग घेऊन माझी मान बघितलीत. बराच वेळ. तेव्हा मला तुमचा इतका राग आला की रडूही आलं नाही. आज तो राग येत नाही. सगळे उपाय संपलेला माणूस दुसरं काय करणार? भिंग खाली ठेवून तुम्ही विचारलंत, "तुला तिकडं जायचं होतं का गं?" मी म्हणाले, "बिलकुल न्हाई." तुम्हाला तेवढ्यानं किती बरं वाटलं, ते मला दिसलं.

पुढं जाफराबादला दिलंत, घर चांगलं मिळालं, तक्रार नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला कळत नाही, म्हणून माझ्यापाशीच ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. तेव्हा अंबडच्यांनी त्यांच्या मुलाचा फोटो परत मागितला, तो घरभर हुडकूनही सापडला नाही आणि तुम्ही आईला नाही नाही ते बोललात. तिनं हरवला नव्हता, बाबा. तो मी घेतला होता.